फिलोमिना, तुझ्या स्लाइडबद्दल

फिलोमिना,

तुझ्यासाठी मिस्सा झाली त्या संध्याकाळी चर्चमध्ये बसायला जागा उरली नव्हती. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. पुढे तुझी पेटी, पेटीवर पांढरी फुलं. फादर तुझ्याबद्दल बोलत होते आणि मी माणसं मोजत होतो. आपल्या लॅबचे सगळे. वॉर्डातल्या मल्याळी नर्सेस. काळे अबाये घातलेल्या आठ-दहा बहारिनी बायका, त्यातल्या दोघी हुंदके देऊन रडत होत्या. साफसफाई करणारे बांगलादेशी, इस्त्रीचे शर्ट घालून. इथं राहणारी वसईची तुझी सगळी मंडळी. चौथ्या रांगेत माझी बायको अनघा आणि आमची सई. मोजता मोजता मनात म्हणत होतो, माझ्या वेळी यातले निम्मे तरी येतील का?

तू असतीस तर हसली असतीस. "विलास, माझ्या मयतालाही जळलास तू?"

हो, जळलो. आज तुला जाऊन वीस दिवस झाले आणि अजून जळतोय. तुझ्याबद्दल सगळ्यांनी चांगलं बोलून झालं. मी बोललो नाही, कारण माझ्याकडे जे आहे ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नाही. म्हणून इथं लिहितो.

मी सांगलीहून बहारीनला आलो तुझ्या एक वर्ष आधी. मायक्रोबायोलॉजीच्या त्या लांबट खोलीत, जिथं दिवसभर रक्त, लघवी, थुंकी, पू यांच्यात जंतू शोधायचे, तिथं मी सीनियर होतो. तू आलीस तेव्हा तुला सेंट्रिफ्यूज कुठलं नीट चालतं आणि कुठलं थरथरतं हे मी दाखवलं. सहा वर्षांनी तू इन्चार्ज झालीस आणि मी तुझ्या सहीची वाट बघायला लागलो. निवड चुकीची होती असं मी स्वतःला पटवायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली होती. मी स्लाइड वाचायचो तशी तू वाचत नव्हतीस. तू तिच्याकडे बघत बसायचीस, जणू कुणी बोलायला येणार आहे आणि तुला घाई नाही.

अरबी तू दोन वर्षांत शिकलीस. सॅम्पल द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बायका तुझ्या गालाला हात लावून बोलायच्या. मला इतक्या वर्षांत 'खलास' आणि 'इंशाल्ला' यापलीकडे काही येत नाही. आणि सई. आमची सई मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. मी बोलून थकलो, अनघा रागावून थकली. एका शुक्रवारी हूऱ्याला तुझ्या घरी जेवायला आलो होतो. मी हात धुऊन येत होतो तर स्वयंपाकघरातून सईचा आवाज, "आंटी, हे खोबरं अजून बारीक वाटायचं का?" चांगलं खणखणीत मराठी. मी दारातच थांबलो. परत जाताना गाडीत मी तिला मुद्दाम मराठीत विचारलं, "काय काय शिकलीस आज?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नथिंग मच, बाबा."

त्या दिवशी सनाबिसला घरी पोचल्यावर मी थेट जाऊन आडवा झालो. अनघाला वाटलं जेवण जड झालं.

आपलं भांडण एकाच शब्दावरचं होतं: कंटॅमिनंट. रक्त काढताना कातडीवरचे निरुपद्रवी जंतू कधीकधी सुईबरोबर आत येतात आणि प्लेटवर उगवतात. त्यांना आजाराचे जंतू समजून डॉक्टरला फोन केला तर पेशंटला नको ती औषधं सुरू होतात. माझं म्हणणं, लॅबवाल्याने प्रत्येक ठिपक्यासाठी आरडाओरडा करायचा नसतो. तू म्हणायचीस, "कंटॅमिनंट हा शोध नाही रे, ते मत आहे. आधी शोध, मग मत दे."

एकदा मी एका म्हाताऱ्या माणसाच्या रक्ताच्या रिपोर्टवर तो शब्द लिहिला. दुसऱ्या दिवशी तीच प्लेट तू हातात घेतलीस, खिडकीकडे नेऊन तिरकी धरलीस आणि माझ्या टेबलापाशी आलीस. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "विलास, हे परत बघ. आणि डॉक्टरला फोन तूच कर. प्लेट तुझी आहे." मी फोन केला. डॉक्टरांनी माझे आभार मानले. म्हातारा वाचला, त्याच्या मुलाने लॅबमध्ये खजुराचा डबा आणून माझ्या हातात दिला. तू बाजूला उभी राहून टाळ्या वाजवल्यास. चारचौघांत माझी चूक काढली असतीस तर मी तुला केव्हाच माफ करून टाकलं असतं. तू मोठेपणा दाखवलास, तो मला आजतागायत पचला नाही.

तुझा ल्युपस आम्हाला सगळ्यांना माहीत होता. शरीराचं सैन्यच उलटून आपल्या घरावर चाल करतं, असं तू सईला समजावलं होतंस. ते सैन्य दाबून ठेवायला नऊ वर्षं तू स्टेरॉइड आणि आणखी एक गोळी घेत होतीस. चेहरा कधी सुजायचा, कधी गालांवर तो लाल पट्टा उमटायचा. पण रजा घेतलेली मी क्वचित बघितली. सैन्य दाबलं की शत्रूला मोकळं रान मिळतं हे आपल्या दोघांइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी आपण कधी त्यावर बोललो नाही.

त्या सोमवारी तू डोकं धरून आलीस. मंगळवारी ताप. बुधवारी सकाळी तुझा नवरा इग्नेशियस तुला हाताला धरून इमर्जन्सीत घेऊन आला, कारण तुला सरळ चालता येत नव्हतं आणि एकाचे दोन दिसत होते. एक डोळा आत वळला होता. तुझ्या ल्युपसच्या डॉक्टरीणबाई आल्या, मेंदूच्या डॉक्टरांनाही बोलावलं. बाईंचं मत, ल्युपस मेंदूत शिरलाय, ताबडतोब मोठ्या डोसने स्टेरॉइड द्या. मेंदूचे डॉक्टर म्हणत होते, ताप आहे, आत जंतू असतील तर स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. दोघांचीही भीती खरी होती. नेहमीची दोन अँटिबायोटिक सुरू केली आणि पाठीतलं पाणी, म्हणजे सी.एस.एफ., काढून आपल्याकडे पाठवलं. ठरलं असं, की लॅबने काही सांगितलं नाही तर बारा वाजता स्टेरॉइडची बाटली लावायची.

ट्यूबवर तुझं नाव होतं. आतलं पाणी किंचित गढूळ, तांदूळ धुतल्यावर दुसऱ्या पाण्याचं असतं तसं. मी कुणाला हात लावू दिला नाही. स्लाइड बनवली, स्टेन केला म्हणजे रंग दिला, वाळवली आणि बसलो.

आधी काहीच दिसेना. पेशी होत्या, पांढऱ्या, मध्यम. जंतू नाही. मग तुझ्यासारखं बसायचं ठरवलं, घाई न करता. आणि डाव्या कोपऱ्यात दोन दिसले. आखूड, जांभळ्या, जाडसर काड्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

कातडीवरचे कंटॅमिनंटही हुबेहूब तसेच दिसतात. पण स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाच्या पाठीतल्या पाण्यात तशा काड्या दिसल्या तर आणखी एक नाव डोक्यात यायलाच हवं, लिस्टेरिया. खाण्यातून पोटात जातो, दुबळ्या शरीरात रक्तातून मेंदूच्या बुडाशी जाऊन बसतो. नेहमीची अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाहीत. हे नाव माझ्या डोक्यात अकरा अठ्ठावीसलाच आलं होतं. फोन हाताच्या अंतरावर होता.

मी तो उचलला नाही.

आधी भीती वाटली. चुकलो, ते कंटॅमिनंट निघाले, माझ्यामुळे स्टेरॉइड थांबलं आणि ल्युपसने तुझा मेंदू खाल्ला तर? ही भीती खरी होती, पण ती पाच मिनिटांची. त्यानंतर जे झालं ते मी अनघालाही सांगितलं नाही. मला आनंद झाला, फिलोमिना. वाटलं, ही स्लाइड माझी आहे. हा जंतू मी पकडला. इतक्या वर्षांत एक गोष्ट अशी, जी तू न बघता मी बघितली, आणि तीही तुझ्याच आत. मग मला ती नुसती बरोबर नको होती, देखणी हवी होती. मी आणखी काड्या शोधल्या, तिसरी सापडली. भिंगातून फोटो काढले, पहिला हलला म्हणून दुसरा काढला. पुस्तक उघडून चित्राशी ताडून बघितलं. डॉक्टरांशी काय बोलायचं ते वाक्य मनात दोनदा म्हटलं. सगळं हॉस्पिटल कसं म्हणेल, विलासने धरलं बरं का, हेही मनात ऐकून झालं.

फोन त्यांचाच आला. "लॅब, सी.एस.एफ.मध्ये काही आहे का? आम्ही स्टेरॉइड लावलंय."

"थांबा," मी म्हणालो. "काढा ते. लिस्टेरियासारखं दिसतंय." मनात पाठ केलेलं वाक्य आठवलंच नाही.

बारा वाजून तीन मिनिटं झाली होती. तीन मिनिटांत बाटलीतले जेमतेम चार थेंब गेले होते, लगेच बंद केलं. डॉक्टर नंतर मला म्हणाले, त्याने काही फरक पडला नाही. पण योग्य औषध पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झालं त्याचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांना पस्तीस मिनिटं माहीतच नव्हती. कामाच्या कागदावर मी 'स्लाइड वाचली' या रकान्यात बारा लिहिलं आणि शेजारी कारण लिहिलं: स्टेन पुन्हा केला.

स्टेन पुन्हा केला नव्हता.

पुढची अडचण तुझ्या फाइलमध्ये होती. लिस्टेरियाला अँपिसिलिन लागतं, ते पेनिसिलिनच्या घरातलं, आणि तुझ्या फाइलवर लाल अक्षरात लिहिलेलं, 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, लहानपणी'. दुसरं औषध सल्फा जातीचं, आणि त्याने ल्युपस भडकू शकतो. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी नक्की काय झाली होती ते कुणाला माहीत आहे का? तू गुंगीत होतीस. इग्नेशियसने वसईला तुझ्या आईचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला. "तू बोल. मला तिच्या मम्मीशी बोलवत नाही."

तुझी आई शांत होती. मी विचारलं, लहानपणी इंजेक्शन दिल्यावर काय झालं होतं?

"तोंड सुजलेलं. फोडं आलेली गालावर, ओठावर."

"श्वास लागला होता?"

"नाय. श्वासबिस काय नाय. अरे, ते इंजेक्शनानं नव्हतंच. कैऱ्या काढायला झाडावर चढलेली ती. चीक लागला तोंडाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं घशासाठी सुई मारली आणि फोडं बघून तोच घाबरला. मी तेव्हाच सांगितलं, चीक आहे म्हणून. बायकांचं कोण ऐकतंय?"

चाळीस वर्षं तू कैरीच्या चिकाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी म्हणून प्रत्येक फॉर्मवर लिहीत आलीस. तू, जी मला सांगायचीस आधी शोध, मग मत. हे कळल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. डॉक्टरांनी आधी अगदी थोडं औषध देऊन तासभर नजर ठेवली. काही झालं नाही. दुपारी अडीचला पूर्ण डोस सुरू झाला.

ड्यूटी संपल्यावर चारला मी आय.सी.यू.मध्ये आलो. तू एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलंस.

"दोन-दोन विलास. एकच पुरत होता."

"लिस्टेरिया वाटतोय," मी सांगितलं.

तू दुसराही डोळा मिटलास. मला वाटलं परत गुंगीत गेलीस. मग ओठ हलले. "हलतो का बघ. इनक्युबेटरात नको... बाहेर ठेव. टेबलावर."

लिस्टेरिया गार हवेत हलतो, अंगाच्या उष्णतेत मंदावतो. म्हणून एक ट्यूब इनक्युबेटरबाहेर साध्या खोलीत ठेवायची असते. मी ती दुपारी साडेबारालाच ठेवली होती, फिलोमिना. एसीखाली, माझ्या टेबलावर, तुझं नाव लिहून. तू बोललीस तेव्हा इग्नेशियस शेजारी होता, नर्स होती. मी म्हणालो, "बरं, ठेवतो." 'ठेवलीय' म्हणता आलं असतं. आजारी बाईशी कशाला वाद, म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या ट्यूबमधला एक थेंब काचेखाली ठेवला. काड्या कोलांट्या मारत होत्या, एकीमागून एक. यात्रेत डोंबाऱ्याची पोरं मारतात तशा. नंतर मशीननेही तेच नाव दिलं. आणि सगळ्या हॉस्पिटलमध्ये गोष्ट पसरली की फिलोमिनाने आय.सी.यू.मध्ये पडल्या पडल्या स्वतःचा आजार स्वतः ओळखला. कॅन्टीनमध्ये एका ज्युनियर डॉक्टरने तीच गोष्ट मला ऐकवली, मला! इथल्या दाट, गोड करक चहाचा कप हातात घेऊन मी "हो, ग्रेट बाई आहे" म्हणालो. चहा कडू लागला. माझी स्लाइड होती ती. आणि मी ती पस्तीस मिनिटं माझ्यापाशीच ठेवली होती, म्हणून 'माझी' म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

मग तू सुधारलीस. ताप उतरला, डोळा सरळ झाला. बाराव्या दिवशी वॉकर धरून बाथरूमपर्यंत गेलीस. तुझी खोली म्हणजे जत्रा. कोण सूप आणतंय, कोण केक. सई शाळेतून थेट तुझ्याकडे यायची आणि तुझ्याशी बोलायची, मराठीत. मी रोज येत होतो. मनापासून येत होतो, हे तरी खरं मान. तू बरी होतेस हे बघून मला रात्री झोप लागायची.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी खोलीत आपण दोघंच होतो. तुला कंप्युटरवर स्वतःचे रिपोर्ट बघायची परवानगी मिळाली होती, नाहीतर तू कुठली ऐकणार? मांडीवर लॅपटॉप, नाकावर चष्मा.

"विलास, सॅम्पल अकरा दहाला पोचलं. रिपोर्ट बारा तीनला. एवढा वेळ का?"

"स्टेन नीट आला नव्हता. परत केला."

तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. स्लाइडकडे बघायचीस तसंच, घाई न करता.

"बरं," म्हणालीस आणि लॅपटॉप मिटलास.

तेवढ्यात कुणी तरी फळं घेऊन आलं. तू त्यांच्याशी अरबीत हसून बोलायला लागलीस. मी निघालो. लिफ्टपाशी दोनदा थांबलो, परत फिरावं म्हणून. फिरलो नाही. म्हटलं, उद्या सांगू. तू घरी गेल्यावर सांगू. एकदा अदलियाला आपण चौघं जेवायला जाऊ, तेव्हा हसत हसत सांगू.

जंतूशी लढायचं म्हणून तुझी ल्युपसची गोळी बंद केली होती आणि स्टेरॉइड अगदी कमी ठेवलं होतं. बांधून ठेवलेलं सैन्य मोकळं झालं. आधी पाय सुजले. मग लघवीत रक्त. मग एका सकाळी खोकल्यातून रक्त आलं. पुन्हा तेच दोन डॉक्टर, पुन्हा तोच प्रश्न: जंतू की ल्युपस? थुंकी, रक्त, लघवी, सगळं पुन्हा माझ्या टेबलावर आलं.

या वेळी मी एक मिनिट दवडलं नाही. रोज सकाळी येऊन आधी तुझ्या प्लेट काढायचो. कोऱ्या. दुसऱ्या दिवशी कोऱ्या, तिसऱ्या दिवशीही. खिडकीकडे नेऊन तिरक्या धरून बघितल्या. इतकी वर्षं मी प्लेट कोरी निघाली की खूश व्हायचो, काम कमी म्हणून. त्या दिवसांत मी देवाला हात जोडत होतो, काही तरी उगव रे बाबा. जंतू असेल तर त्याला औषध आहे. मी त्याला ओळखीन, लगेच फोन करीन. काही उगवलं नाही. मी रोज खरं ते लिहिलं: वाढ नाही. म्हणजे ल्युपसच. आता स्टेरॉइड भरपूर दिलं, रक्तातलं पाणी मशीनने बदललं. फुप्फुसांनी तोवर हात टेकले होते. खोकल्यातून रक्त आल्यापासून नवव्या दिवशी सकाळी, पहिली शिफ्ट सुरू होताना, तू गेलीस.

इग्नेशियस तुला घेऊन वसईला गेला आणि दहा-बारा दिवसांनी परतला. दरम्यान आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, इन्चार्जची जागा आता तुझी, पुढच्या आठवड्यात पत्र देतो. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जळलो ती अशी हातात आली. मी "थँक यू" म्हणालो. बाहेर येऊन तुझ्या टेबलासमोर उभा राहिलो, पण खुर्चीत बसवेना.

परवा मी हूऱ्याला गेलो. इग्नेशियसने दार उघडलं. घरात अजून तुझे कपडे वाळत घातलेले होते. कुणी काढले नव्हते. त्याने चहा टाकला. मी म्हणालो, चहा नंतर, आधी ऐक. आणि सगळं सांगितलं. अकरा अठ्ठावीस, फोटो, पुस्तक, बारा तीन. का, तेही सांगितलं.

तो उभाच होता. गॅसवर चहा उतू गेला.

"पस्तीस मिनिटं?"

"हो."

"त्याने ती गेली?"

"डॉक्टर म्हणतील नाही. जंतू तर आपण मारला. ती ल्युपसने गेली. पण पस्तीस मिनिटं आधी औषध मिळतं तर किती दिवस आधी ती गोळी परत सुरू करता आली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

"तिने विचारलेलं ना तुला? मला बोलली होती, विलासला वेळेचं विचारलं म्हणून. तेव्हा का नाय सांगितलंस?"

"तिच्यासमोर परत लहान व्हायचं नव्हतं मला."

इग्नेशियसने गॅस बंद केला. पाठमोरा राहून म्हणाला, "ती म्हणायची, विलास माझ्यावर जळतो, पण खोटं नाय लिहीत. कितीदा म्हणायची. त्या दिवशी पण तेच म्हणाली, स्टेन परत केला म्हणतोय तर केला असेल." मग माझ्याकडे वळला. "आता मी तिला काय सांगू?"

त्याने दार उघडलं. मी बाहेर आलो. दमट हवेत चष्मा धुकटला आणि गाडी कुठं लावली तेच मला दिसेना.

म्हणजे तुला माहीत होतं. मी जळतो ते तुला कायम माहीत होतं, आणि तरी तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेलीस. तुझ्या नजरेवर, तुझ्या अरबीवर, सईच्या मराठीवर मी जळलो. पण एखाद्याचा मत्सर दिसत असताना त्याच्यावर विश्वास ठेवता येणं, यावर मी जितका जळतोय तितका कशावरच जळलो नाही. मला हे कधी जमलं नसतं.

काल सकाळी मी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांच्यासमोर कामाचा कागद दुरुस्त केला. नियमाप्रमाणे. जुना शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारली. 'स्टेन पुन्हा केला' यावर रेघ. 'बारा' यावर रेघ. वर खरी वेळ, खाली माझी सही. डॉक्टरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, हे आता समितीकडे जाईल, इन्चार्जच्या पत्राचं तोवर थांबवतो. मी म्हणालो, चालेल. त्यांनी विचारलं, कुणी तक्रार केली का? मी म्हणालो, नाही, एकीने विचारलं होतं, तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

इग्नेशियस अजून माझा फोन घेत नाही. तो तुला काय सांगेल मला माहीत नाही. म्हणून मीच सांगतो.

फिलोमिना, तुझी स्लाइड मी अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी वाचली. स्टेन पहिल्याच वेळी चांगला आला होता. डाव्या कोपऱ्यात दोन होते, स्पष्ट दिसत होते. मला लगेच कळलं होतं.